उघडी तिकिटं, बंद तिकिटं

३ फेब्रुवारी, सोमवार

मालकांनी फर्मावलंय, नव्या सिस्टीमचं काम सुरू झालं की रोज काय बदललं आणि का बदललं ते लिहून ठेवा. ते ऑफिसच्या फायलीत लिहीन, सभ्य भाषेत. बाकीचं इथे लिहिणार आहे, कारण ते कुठेतरी ओकून टाकलं नाही तर मला झोप येत नाही आणि मग मी नवऱ्यालाही झोपू देत नाही.

आमची कंपनी विजेवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्च्या विकते आणि दुरुस्त करते. विकणारे पुढच्या बाजूला, काचेच्या केबिनात, थंडगार. दुरुस्त करणारे मागे, वंगणाच्या वासात. मी सेवा विभागाची प्रमुख, म्हणजे शिव्या खायला पहिली. तक्रारी मेलवर येतात. मेलचा पत्ता एक आणि तो उघडणारे आम्ही सगळे. एकाने वाचलं की दुसऱ्याला वाटतं तो बघतोय, त्याला वाटतं दुसरा बघतोय. गेल्या महिन्यात एका गृहस्थांकडे कोणीच फिरकलं नाही आणि एका बाईंकडे आमचे दोन मेकॅनिक एकाच सकाळी गेले, दारातच एकमेकांना भेटले. बाईंनी दोघांना चहा पाजला आणि मग मालकांना फोन केला.

मालक म्हणाले, तीन महिने देतो. तक्रारींचा ढीग उतरला तर ठीक, नाहीतर दुरुस्तीचं काम बाहेरच्या कंपनीला देऊन टाकू. चहा ढवळता ढवळता सांगितलं त्यांनी. मी म्हटलं, साहेब, ढीग उतरेल.

५ फेब्रुवारी, बुधवार

सॉफ्टवेअरवाली आली. माझ्याच वयाची असेल. एक चष्मा नाकावर, एक डोक्यावर, आणि तिसरा पर्समध्ये शोधत होती. बोलते मात्र सरळ. मला आवडली.

तिने समजावलं ते असं. आमच्या पत्त्यावर मेल आलं की त्याचं आपोआप तिकीट होणार. तिकिटाला क्रमांक. पाठवणाऱ्याला लगेच पोच जाणार, तुमची तक्रार मिळाली, हा तुमचा क्रमांक. त्या पोचेला त्याने उत्तर लिहिलं, तर क्रमांकावरून ते उत्तर बरोबर त्याच तिकिटात जाऊन बसणार. मेकॅनिक जाऊन आला की मी तिकीट बंद करायचं. पडद्यावर फक्त उघडी तिकिटं दिसणार. बंद झालं की नजरेआड.

आमचा मुख्य मेकॅनिक, ज्याला सगळे पान्हा म्हणतात, दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "तिकीट काढलं की बसायला जागा मिळते का मॅडम?" मी त्याला हाकललं. पण एक सांगते, एवढं नीटनेटकं काही या ऑफिसात मी आजवर पाहिलं नव्हतं. सोमवारपासून फोनवर तक्रार घ्यायची नाही असंही ठरवलं. फोन आला की सांगायचं, मेल करा.

९ फेब्रुवारी, रविवार

ताईकडे जाऊन आले. रविवार म्हणजे ताई, प्रत्यक्ष नाहीतर फोनवर, हे वर्षानुवर्षांचं आहे.

ताईचे पाय एका आजारात गेले, तेव्हापासून ती आमच्याच कंपनीची खुर्ची वापरते. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, एकटी राहते. दुपारी खुर्ची चालवत ग्रंथालयात जाते आणि तिथे फाटक्या पुस्तकांना बांधणी घालते. हात सोन्याचे आहेत. ग्रंथालय चढावर आहे आणि त्या चढावर ती खुर्ची अशी भन्नाट नेते की पायी चालणारे बाजूला होतात. भाचा, म्हणजे तिचा मुलगा, दूरच्या गावी असतो. तो तिच्या हात धुऊन मागे लागलाय की आई, घर सोड, आमच्याकडे चल. ताईचं त्याला एकच उत्तर. "ज्या दिवशी मला एकटीने बाहेर पडता येणार नाही, त्या दिवशी ने मला. त्याआधी विषय काढू नकोस." भाचाही तिचाच मुलगा, तो त्या दिवसाची वाट बघत बसलाय.

आज गेले तर खुर्चीची हात टेकायची दांडी डुगडुगत होती. पूर्वी मी लगेच पान्हाला फोन लावला असता. पण मागे एकदा मी तसं केलं होतं आणि मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुमच्या घरच्यांचा नंबर आधी लागतो वाटतं." कान लाल झाले होते माझे. त्या दिवसापासून ताईला बजावलंय, खुर्चीचं काही असेल तर इतर गिऱ्हाइकांसारखं ऑफिसला लिहायचं. मला सांगायचं नाही. रविवारी खुर्चीचं नावही काढायचं नाही. ताई शब्दाची पक्की. एकदा हो म्हणाली की दगडावरची रेघ.

तिला ईमेलची धास्ती. पत्ता टाइप करताना एक अक्षर हमखास खाते. म्हणून पहिलं मेल मीच बसून टाइप केलं. दोन मिनिटांत पोच आली, क्रमांकासकट. ताई हरखली. मी तिला दाखवलं, "हे बघ, हे जपून ठेव. पुढच्या वेळी पत्ता लिहायची गरजच नाही. हे उघडायचं, उत्तराचं बटण दाबायचं आणि लिहायचं. आपोआप माझ्याकडे येतं."

"तुझ्याकडे?"

"म्हणजे सेवा विभागाकडे. पण तिथे मीच की."

"मग साहेबीणबाई, मी तुम्हाला लिहीत जाईन," म्हणाली आणि हसली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ताईचं तिकीट बंद. पान्हा तिच्या नंबरानेच गेला, एक दिवसही आधी नाही. मालकांना मुद्दाम दाखवलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ऑफिस उघडलं आणि कपाळाला हात लावला. पडदा भरून वाहत होता. सगळा मजकूर एकाच शाळेकडून.

झालं होतं ते असं. त्या शाळेने शुक्रवारी संध्याकाळी एका खुर्चीबद्दल लिहिलं आणि कुलूप लावून सगळे घरी गेले. आमच्या सिस्टीमने पोच पाठवली. शाळेच्या सिस्टीमने उलट कळवलं, आम्ही सुट्टीवर आहोत, सोमवारी भेटू. आमच्या सिस्टीमने त्याचीही पोच दिली, तुमचं उत्तर मिळालं. त्यांची म्हणाली, आम्ही सुट्टीवर आहोत. दोन दिवस दोघी एकमेकींना सांगत बसल्या, दोन सासवा निरोप घेताना दारात उभ्या राहतात तसं.

पान्हा म्हणाला, "मॅडम, माणसं नसली की यंत्रं किती सभ्यपणे बोलतात."

सॉफ्टवेअरवालीला बोलावलं. तिने तोडगा काढला. नवं तिकीट झालं तरच पोच द्यायची. आधीच्या तिकिटाला कुणी उत्तर लिहिलं, तर त्याची पोच द्यायची नाही. म्हणजे चक्र फिरणारच नाही. दहा मिनिटांचं काम. मी फायलीत लिहिलं, "उत्तरांची पोच बंद केली." सुटले.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

नवी डोकेदुखी. लोक आभार मानतात.

खुर्ची दुरुस्त होते, मी तिकीट बंद करते, गिऱ्हाइकाला कळतं, आणि तो भला माणूस लगेच उत्तर लिहितो, "खूप आभारी आहे." उत्तर आलं की बंद तिकीट पुन्हा उघडतं. मी पुन्हा बंद करते. त्याला पुन्हा कळतं. तो लिहितो, "पुन्हा एकदा आभार." एक आजोबा तर रोज मला आशीर्वाद देताहेत. आशीर्वाद नकोसे होण्याची वेळ आयुष्यात पहिल्यांदा आली.

मालक दाराशी येऊन पडद्याकडे बघतात. आकडा वाढलेला दिसतो. मी सांगते, साहेब, हे आभार आहेत. ते म्हणतात, "मला आकडा दिसतो, बाई, आभार दिसत नाहीत."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सोडवलं. बंद तिकिटाला उत्तर आलं तरी ते उघडायचं नाही. उत्तर आत जाऊन बसेल, तिकीट बंदच राहील.

सॉफ्टवेअरवालीने चष्मा वर सरकवून विचारलं, "आणि उत्तरात नवी तक्रार असली तर?"

मी म्हटलं, "नवी तक्रार असेल तर लोक नवं मेल करतील. एवढी अक्कल असते हो लोकांना."

ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं. पण अधूनमधून बंद तिकिटांवर नजर टाकत जा." मी हो म्हटलं. उघड्यांवर नजर टाकता टाकता डोळे जातात माझे, बंद कोण बघतंय.

२ मार्च, रविवार

ताईशी फोन. बांधणीला आलेल्या एका जुन्या शब्दकोशाबद्दल बोलत होती, उंदरांनी 'प' पासून 'भ' पर्यंत खाल्लाय म्हणे. मग मध्येच म्हणाली, "खुर्चीचं जिथे कळवायचं तिथे कळवलंय हं."

मी म्हटलं, "मग झालं तर. सिस्टीम बघून घेईल. रविवारी खुर्ची नको, ठरलंय ना आपलं."

"ठरलंय," म्हणाली.

३ मार्च, सोमवार

ताईच्या नावावर काही आहे का बघितलं. उघडं एकही तिकीट नाही. म्हणजे दांडीचंच बोलत असणार. ताईची गंमत करायची सवय जात नाही.

१० मार्च, सोमवार

आकडा इतका खाली आलाय की मालकांनी पडदा उचलून पुढच्या दालनात, गिऱ्हाइकं बसतात तिथे लावला. विकणारी मंडळीही येऊन बघून गेली. बाहेरच्या कंपनीचा विषय कुणी काढत नाही. मालक म्हणाले, "बाई, जादू केलीत." मी म्हटलं, "जादू कसली साहेब, शिस्त."

खोटं कशाला बोलू, घरी येताना माझी चाल बदलली होती. नवऱ्याने दार उघडून विचारलं, आज काय झालं, उंच दिसतेस.

१६ मार्च, रविवार

ताई ग्रंथालयात गेली नाही म्हणे, आठवडाभर. सर्दी आहे. आवाजात सर्दी वाटत नव्हती, पण फोनवर काय कळतं. मी तिला ऑफिसातला आकडा सांगितला, पडदा पुढे लावल्याचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे आता कुणाचीच तक्रार राहिलेली नाही?"

"जवळजवळ नाहीच," मी म्हटलं.

"छान आहे," म्हणाली आणि मला काम आहे म्हणून फोन ठेवला. एरवी मला फोन ठेवावा लागतो.

नवरा पेपर वाचत होता. म्हणाला, "ताईंचा आवाज बरा नव्हता." मी म्हटलं, सर्दी आहे. तो म्हणाला, "सर्दीचा नव्हता." याला फोनवर दोन शब्द बोलायचा कंटाळा आणि आवाजांचा अभ्यास दांडगा.

२३ मार्च, रविवार

सकाळी भाच्याचा फोन. "मावशी, मी आईकडे जाऊन आलो. ती घराबाहेर पडतच नाही आता. बांधणीचं काम सोडल्यात जमा आहे. दिवसभर खिडकीशी बसते. मी चल म्हटलं तर पूर्वी अंगावर यायची, आता गप्प राहते. तू एकदा बोल. ती तुझंच ऐकते."

मी बराच वेळ विचार केला. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. ताई थकली म्हणजे आम्ही सगळेच थकलो. पण ती स्वतःच बाहेर पडेनाशी झाली असेल तर तिथे एकटीने राहून करायचं काय. रात्री-अपरात्री पडलीबिडली तर. मी रोज अशी घरं बघते, मला माहीत आहे पुढे काय होतं.

दुपारी फोन केला. आडवळणाने बोलणं मला जमत नाही. म्हटलं, "ताई, तूच बाहेर पडत नाहीस, मग हट्ट कशासाठी? तो चांगलं सांगतोय. जा त्याच्याकडे."

तिने खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला.

"हे तुझं मत आहे?" तिने विचारलं.

"हो, माझं मत आहे."

"बरं," म्हणाली.

एवढ्या सहज ऐकेल असं वाटलं नव्हतं. भाच्याला कळवलं तर तो उड्याच मारायचा बाकी होता. ताईचं एकदाचं मार्गी लागलं म्हणायचं.

५ एप्रिल, शनिवार

ताईचं घर आवरलं. नवरा, मी, भाचा. दोन खोल्यांत माणूस किती काय साठवतो. बांधणीचा दाब, दोऱ्याची रिळं, सरसाचा डबा, सगळं ग्रंथालयाला दिलं. ग्रंथपाल स्वतः येऊन घेऊन गेल्या. ताई त्यांच्याशी छान बोलली. माझ्याशी कामापुरतं. "ते खोकं वर ठेव." "ती उशी राहू दे." मी मनावर घेतलं नाही, घर सोडताना माणूस चिडचिडं होतंच.

भाचा खुर्ची ढकलत गाडीपर्यंत घेऊन गेला. मी म्हटलं, अरे बटण दाब, चालेल आपोआप. तो म्हणाला, "राहू दे मावशी." घाईत होता. घरात सोमवारी भाडेकरू येणार, दोन लहान मुलं असलेलं कुटुंब.

गाडीत बसल्यावर ताईने माझा हात धरला आणि सोडला. मला रडू आलं. ती रडली नाही.

१३ एप्रिल, रविवार

ताईला फोन केला, सुनेने घेतला. आई झोपल्यात म्हणाली. गेल्या रविवारीही झोपल्याच होत्या. नव्या जागी रुळायला वेळ लागतो.

१६ एप्रिल, बुधवार

मालकांना माहितीपुस्तिका छापायची आहे. सेवा विभागाला अख्खं पान देणार. "लोकांनी तुमचे आभार मानलेत ना, त्यातले चार चांगले निवडा. नावं नकोत, मजकूर द्या."

आभार सगळे बंद तिकिटांत पडले आहेत. उद्या बसून काढते. आपलं कौतुक शोधायला कंटाळा येत नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

कसं लिहू.

बंद तिकिटं एकेक उघडत गेले. आभार होते, भरपूर होते. आजोबांचे आशीर्वाद होते. मग एका बाईंचं उत्तर दिसलं, "आभारी आहे, पण आता डावं चाक आवाज करतंय." महिन्यापूर्वीचं. कोणी गेलेलं नाही. अशी आणखी काही निघाली. मी पान्हाला हाक मारून एकेक नाव सांगत होते, तो लिहून घेत होता.

मग ताईचं तिकीट आलं. दांडीचं. आत तिची उत्तरं, एकाखाली एक. मी शिकवल्याप्रमाणे तिने तेच मेल उघडून, उत्तराचं बटण दाबून लिहिलं होतं. इथे उतरवून ठेवते. विसरायची सोय नको.

१ मार्च. "माननीय सेवा विभाग, सप्रेम नमस्कार. आपल्या साहेबीणबाईंनी शिकवल्याप्रमाणे लिहीत आहे. खुर्ची ग्रंथालयाच्या चढावर मध्येच थांबते. सपाटीवर ठीक आहे. सवडीने माणूस पाठवावा. घाई नाही."

७ मार्च. "सेवा विभागास नमस्कार. चढावर थांबणं वाढलं आहे. काल रस्त्यावरच्या दोन मुलांनी मला ढकलत वर नेलं. मुलं चांगली होती. मला मात्र फार लाज वाटली."

१२ मार्च. "या आठवड्यात कामाला गेले नाही. ग्रंथपालबाईंना सर्दी झाली असं सांगितलं. तुमच्या ऑफिसात फोन केला होता, त्यांनी मेल करा म्हणून सांगितलं. मी मेलच करते आहे."

१७ मार्च. "धाकटे, काल तू म्हणालीस कुणाची तक्रार राहिली नाही. मग माझं काय झालं? रविवारी बोलायचं नाही असं ठरलंय, म्हणून इथे विचारते."

२१ मार्च. "मुलगा आला होता. खुर्ची कोपऱ्यात उभी बघून त्याला जे म्हणायचं होतं ते म्हणाला. मी त्याला सांगितलं, माझी बहीण तिथे आहे, ती बघेल. दुरुस्त होणार नसेल तर तसं लिही. नाही असेल तर नाही लिही, पण काहीतरी लिही."

२३ मार्च, संध्याकाळ. "उत्तर समजलं."

त्यानंतर काही नाही.

पान्हा शेजारी उभा होता, त्यानेही वाचलं. पाण्याचा ग्लास आणून माझ्यासमोर ठेवला.

२३ मार्चला दुपारी मी तिला फोन केला होता. जा म्हणून सांगायला.

१८ एप्रिल, शुक्रवार

सॉफ्टवेअरवालीला सांगून नियम काढून टाकला. उत्तर आलं की तिकीट उघडणार, कुणाचंही असो, काहीही असो. दुपारपर्यंत आकडा चढला. मालक आले. मी त्यांना सगळं सांगितलं, ताईचंही. त्यांनी पडद्यावरचा आकडा वाचला. म्हणाले, "बाहेरच्या कंपनीचं मला आता पुन्हा बघावं लागेल." मी म्हटलं, बघा. मला त्याचं खरंच काही वाटलं नाही.

घरी नवऱ्याला सांगितलं. आवाजाबद्दल तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

२० एप्रिल, रविवार

पान्हाला रविवारची सुट्टी असते. मी विचारलं तेव्हा नुसतं "निघूया" म्हणाला आणि नवी बॅटरी गाडीत टाकली.

भाच्याकडे ताई आतल्या खोलीत, साध्या खुर्चीवर बसली होती. तिची खुर्ची गॅलरीत, बैठकीवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग. पान्हाने कपडे उचलून घडी घालून ठेवले, खालचं झाकण उघडलं आणि लगेच बंद केलं. दोन बॅटऱ्यांपैकी एक मेलेली. म्हणाला, "सपाटीला एकीवर ओढते मॅडम, चढाला दोन्ही लागतात. सोपं काम होतं." नवी बॅटरी बसवली, मग माझ्याकडे बघून हात धुवायला गेला आणि बराच वेळ परत आलाच नाही.

ताईला खुर्चीत बसवलं. इमारतीच्या आवारात गाड्यांसाठी उतार आहे. ती खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली, वर आली. "छान चालते," म्हणाली, दुसऱ्याच्या मुलाचं कौतुक करावं तशी.

मी तिला तिथेच, आवारात उभी राहून सगळं सांगितलं. शाळेची पोच, आभार, मी केलेला नियम. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "म्हणजे तू वाचलंच नव्हतंस?"

"नाही."

"एकही?"

"नाही गं ताई. वाचलं असतं तर त्याच दिवशी धावत आले नसते का?"

ती खुर्चीचं बटण उगाचच चालू-बंद करत राहिली. मी म्हटलं, घर परत घेऊ. भाडेकरूंशी मी बोलते. ग्रंथपालांना भेटते, उद्याच भेटते.

"भाडेकरूंची मुलं तिथल्या शाळेत जायला लागली," ताई म्हणाली. "त्यांना काय सांगणार आहेस, उठा म्हणून? आणि बांधणीला ग्रंथालयाला दुसरा माणूस मिळाला. बाईंचा फोन आला होता. बरा आहे म्हणाल्या, हात जरा जड आहे."

मला रडू आवरेना. म्हटलं, "तू मला फोनवर एक शब्द तरी बोलायचास. मी कितीही बजावलेलं असू दे, तुला कळायला हवं होतं, मी तुला अशी सोडणार नाही."

ताईने पदराने माझा चेहरा पुसला, लहानपणी पुसायची तसा, जरा जोरातच.

"मला राग आला होता म्हणून गेले असं समजू नकोस," ती म्हणाली. "मी विचार केला. मुलगा काय, वर्षानुवर्षं चल म्हणत होता. याला काय कळतं. पण तू रोज माझ्यासारखी माणसं बघतेस. कोणाला जमेल, कोणाला जमणार नाही, तुला दारातून कळतं. तू खुर्ची दुरुस्त करत नाहीस, म्हणजे तुला दिसत असणार, माझं संपलं. मग तू फोन करून तेच म्हणालीस."

"मला असं कधीच वाटलं नव्हतं, ताई."

"त्याचं मी ऐकलं नसतं, धाकटे," ताई म्हणाली. "मी तुझं ऐकलं."